साहेबांची तब्येत ठणठणीत आहे

पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

'बॉस' नावाची एक अमेरिकन मालिका आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये 'स्टार्झ' या तिकडच्या चॅनेलवर सुरू झाली, दोन सीझन चालली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये गुंडाळण्यात आली. एकूण १८ भाग. आपल्याकडं फार कुणी पाहिली नसेल. मला ती भाच्यानं पेनड्राइव्हमध्ये आणून दिली होती, "मामा, तुमच्या लायनीतलं आहे" म्हणून. गेल्या महिन्यात परत एकदा सगळी पाहिली. का पाहिली ते पुढं सांगतो.

गोष्ट शिकागोच्या महापौराची. टॉम केन. आपल्याकडचा महापौर म्हणजे सभागृह चालवणारा माणूस, खरे अधिकार आयुक्ताकडं. शिकागोत तसं नाही. तिथं व्यवहारात महापौर म्हणजे आयुक्त, स्थायी समिती आणि पालकमंत्री, सगळं एकाच खुर्चीत. रिचर्ड डेली नावाचे एक महापौर १९५५ पासून १९७६ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तिथं होते. पुढं त्यांचा मुलगा १९८९ पासून २०११ पर्यंत. बाप-लेक मिळून चाळीसेक वर्षं एकच शहर. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, आपल्याकडं तालुके असे आहेत. मुलगा मे २०११ मध्ये पायउतार झाला आणि त्यानंतर पाच महिन्यांत ही मालिका आली.

सुरुवातच अशी आहे, की केन एका ओस पडलेल्या इमारतीत बसलाय आणि डॉक्टरबाई त्याला आजार सांगतायत. दवाखान्यात नाही, घरी नाही, कारण तिथं कुणीतरी पाहील. 'लुई बॉडी डिमेन्शिया'. मेंदूचा आजार. लुई नावाच्या जर्मन डॉक्टरनं १९१२ मध्ये पेशींमधल्या त्या गाठी पहिल्यांदा नोंदवल्या, त्यावरून नाव. यात माणूस सरळ रेषेत खाली येत नाही. सकाळी एकदम तल्लख, दुपारी हरवलेला, संध्याकाळी परत तल्लख. हात थरथरतात, चाल बदलते, नसलेली माणसं दिसायला लागतात. औषधानं थोडं सावरतं, बरं होत नाही. कॅमेरा डॉक्टरवर फारसा जातच नाही, केनच्या चेहऱ्यावर थांबतो. हे काम केल्सी ग्रामर या नटानं केलंय. तो आयुष्यभर विनोदी मालिकेसाठी ओळखला गेलेला माणूस. या भूमिकेला त्याला २०१२ मध्ये गोल्डन ग्लोब मिळालं.

आता केन काय करतो? राजीनामा देत नाही, हे सांगायला नकोच. बायकोलाही सांगत नाही. ती आधीच्या महापौराची मुलगी, लग्न म्हणजे युतीच. डॉक्टरबाईंना गप्प बसवायला माणसं पाठवतो. औषध मेडिकलमधून घेतलं तर नोंद राहणार, म्हणून ज्या मुलीशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं तिच्याकडं जातो. ती एक छोटा मोफत दवाखाना चालवत असते, तिच्या ओळखीनं चोरून गोळ्या येतात. आणि पहिल्या सीझनच्या शेवटी स्वतःवरचं लक्ष हटवायला त्याच मुलीला पोलिसांच्या हवाली करतो. त्याचा सगळ्यात जवळचा सल्लागार एझरा स्टोन बातम्या फोडतोय हे कळल्यावर त्याचा मुडदा पाडला जातो. दुसऱ्या सीझनमध्ये हाच मेलेला एझरा केनला दिसायला लागतो, बोलायला लागतो. आजार असा हिशेब काढतो.

जरा भडक आहे, मान्य. कान कापून आणणं वगैरे प्रकार आहेत, पोरांसोबत बसून पाहू नका.

मी त्यात अडकलो तो वेगळ्या माणसामुळं. सॅम मिलर. 'शिकागो सेंटिनल' या (मालिकेतल्या, खऱ्या नव्हे) पेपरचा बातमीदार. ओ'हेअर विमानतळाचा विस्तार, जुन्या काळात वस्तीजवळ पुरलेला विषारी कचरा असल्या फायलींच्या मागं लागलेला हा माणूस, आणि त्याला मध्येच वास येतो की साहेबांचं काहीतरी बिनसलंय. आता त्याच्या हातात दोन बातम्या आहेत. एक कचऱ्याची, जिच्यामुळं लोक आजारी पडलेत. दुसरी मेयरच्या आजाराची. कुठली खपेल हे सांगायला पत्रकारितेचा डिप्लोमा लागत नाही. पण लोकांच्या कामाची कुठली?

हाच प्रश्न मला महिन्याभरापासून विचारला जातोय, म्हणून मालिका परत काढली. आपल्याच भागातल्या एका मोठ्या माणसाचा व्हिडिओ तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलाय. स्टेजवर उठताना तोल गेला, कार्यकर्त्यानं धरलं, माइकसमोर काही सेकंद शब्द सुचला नाही. ११ जणांनी मला पाठवला. दोघांनी वर लिहिलं, "दम असेल तर लावा." विरोधी गटानं त्यावर गाणं चढवलंय. मी तो लावलेला नाही, लावणारही नाही. ७२ वर्षांचा माणूस मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याच्या मंडपात हार-तुऱ्याखाली बसवल्यावर उठताना डगमगला, ही बातमी नाही. पण म्हणून नेत्याची तब्येत ही त्याची खासगी बाब, असं म्हणून हात झटकणारेही मला पटत नाहीत. त्याला कारण आहे.

बरीच वर्षं झाली. आमच्याकडच्या एका मोठ्या पतसंस्थेचे चेअरमन. नाव लिहीत नाही, माणूस गेला, घरचे आहेत. दबदबा असा, की संस्थेच्या नावानं कुणी ठेव ठेवायचं नाही, "अण्णांकडं पैसे ठेवलेत" म्हणायचे. हमाल, भाजीवाल्या बाया, रिटायर झालेले मास्तर. पावतीपेक्षा अण्णांच्या तोंडावर भरवसा.

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका बातमीदार. माझ्या कानावर आलं ते असं, की जिल्हा बँकेनं संस्थेचा चेक परत पाठवला. पैसे नव्हते म्हणून नाही. सही जुळत नव्हती. अण्णांची सही म्हणजे ठसठशीत, खाली दोन रेघा मारलेली. मी नंतर तो कागद पाहिला. सही सुरू व्हायची ओळीवर आणि उतरत उतरत खालच्या छापील मजकुरात जायची. अक्षरं मुंगीएवढी झालेली. त्यांना पार्किन्सन होता. दीड वर्षापासून. पुण्याला उपचार चालू होते आणि गावात सांगितलं जायचं, "अण्णा नातवाकडं गेलेत."

संचालक मंडळाच्या बैठका कागदावर होत होत्या. इतिवृत्त अण्णांच्या बंगल्यावर सहीला जायचं. अण्णा औषधाच्या अमलात असले तर तासभर ठीक, नाहीतर समोरचा कागद कसला आहे हेही कळायचं नाही. कुठल्या तासाला फाइल न्यायची हे दोघांनाच माहीत, पुतण्याला आणि मॅनेजरला. त्या दीड वर्षात मोठी मोठी कर्जं मंजूर झाली. तारण काय, तर एकाच जमिनीचा उतारा तीन वेगवेगळ्या नावांच्या कर्जाला.

मी बंगल्यावर गेलो होतो. अण्णा झोपलेले. काकू बाहेर आल्या, पाणी दिलं आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, "तुमी काय लिवायला आलाय ते म्हाईत हाय मला. पर येक ध्यानात घ्या. लोकांनी ह्यांच्याकडं बघून पैसं ठेवल्यात. ह्ये आजारी हायत म्हनून पेपरात आलं, की उद्या सकाळी पतसंस्थेच्या दारात रांग लागंल. मग कुनाला मिळंल आन् कुनाला न्हाई?"

या प्रश्नाला माझ्याकडं लगेच उत्तर नव्हतं. कारण बाई बरोबर बोलत होत्या. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं विम्याचं संरक्षण नसतं. रांग लागली की चांगली संस्थाही आठ दिवसांत बसते.

मी आजार लिहिला नाही. लिहिलं ते एवढंच: सही न जुळल्यानं चेक परत, सलग किती महिने मंडळाची बैठक संस्थेच्या कार्यालयात झालेली नाही, आणि एकाच गटावर तीन बोजे. आतल्या पानावर, दोन कॉलम. त्या दिवाळीत संस्थेची जाहिरात आमच्या पेपरला आली नाही, एवढा परिणाम मात्र झाला. बातमी ज्यांनी वाचायला पाहिजे होती त्यांच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, हे खरं दुखणं. पण आजही तीच बातमी तशीच लिहीन.

पुढं काय झालं, तर संस्था बसलीच. ८३ खाली चौकशी, ८८ खाली जबाबदारी निश्चित करणं, प्रशासक, अवसायक, सगळे सोपस्कार. चौकशीत एक गोष्ट पुढं आली आणि ती माझ्या डोक्यातून आजतागायत जात नाही. संस्था बंद पडायच्या आधीच्या आठ-दहा महिन्यांत मोठ्या ठेवी निघून गेल्या होत्या. मुदतीआधी, व्याज सोडून. कुणाच्या? पुतण्याच्या सासरच्यांच्या, मॅनेजरच्या भावाच्या, दोन संचालकांच्या बायकांच्या. आणि जो मेडिकलवाला पुण्याहून अण्णांची औषधं मागवून द्यायचा, त्याच्याही. काकूंनी ज्या रांगेची भीती घातली होती ती रांग लागून गेली होती. फक्त ती मागच्या दारानं लागली होती, आणि त्यात उभं राहायला आजाराची माहिती असावी लागत होती. काकूंना हे ठाऊक नव्हतं, असं मी आजही धरून चालतो. त्यांची स्वतःची ठेव शेवटपर्यंत तिथंच होती.

'द वेस्ट विंग' ही दुसरी मालिका इथं आठवते. १९९९ ते २००६, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाच्या कचेरीची गोष्ट. तिथला राष्ट्राध्यक्ष बार्टलेट मोठा सज्जन, अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेला, लोकांना हवाहवासा. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे आणि त्यानं निवडून येताना सांगितलेलं नाही. बायको डॉक्टर, तीच गुपचूप इंजेक्शनं देते. दुसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे, नावच 'सतरा माणसं'. भाषणं लिहिणारा टोबी हा ते गुपित कळलेला सतरावा. त्याला राग कशाचा येतो पाहा. आजार झाला याचा नाही. राष्ट्राध्यक्षाला गोळी लागून ऑपरेशन टेबलवर भूल दिलेली होती, त्या वेळी देश कोण चालवत होतं, हे तो विचारतो. अधिकार कुणाला सोपवल्याचा कागदच नव्हता. आणि प्रवक्ती सी. जे. बिचारी रोज पत्रकारांसमोर उभी राहून तब्येतीबद्दल खोटं बोलत होती, आपण खोटं बोलतोय हे तिलाही माहीत नसताना.

आमच्या भागातले हिशेबनीस बसले तर अण्णांच्या बाबतीतही आकडा सतराच्या आसपासच निघेल. गुपित म्हणजे कुणालाच माहीत नसलेली गोष्ट नव्हे. गुपिताची एक यादी असते. ड्रायव्हर, कंपाउंडर, पुतण्या, मॅनेजर, मेडिकलवाला. यादीत असलेले सावध होतात, यादीबाहेरचे "साहेबांची तब्येत ठणठणीत आहे" ऐकत बसतात.

मालिका सोडा, खऱ्यात काय कमी घडलंय? अमेरिकेचे वुड्रो विल्सन. ऑक्टोबर १९१९ मध्ये पक्षाघाताचा मोठा झटका आला. पुढचे महिनोन् महिने त्यांच्यापुढं काय जाणार आणि काय नाही हे पत्नी एडिथ ठरवत होत्या. माणूस मार्च १९२१ पर्यंत पदावर. तिकडच्या घटनेत राष्ट्राध्यक्ष असमर्थ झाल्यास काय करायचं याची नीट पद्धत आली ती पंचविसाव्या दुरुस्तीनं, १९६७ मध्ये.

फ्रान्सचे मितराँ तर वरताण. १९८१ मध्ये निवडून आले, दर सहा महिन्यांनी माझ्या तब्येतीचं पत्रक काढीन असं वचन देऊन. त्याच वर्षी त्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पत्रकं निघत राहिली, वेळच्या वेळी, डॉक्टरच्या सहीनिशी, खोटी. लोकांना खरं कळलं १९९२ मध्ये. जानेवारी १९९६ मध्ये ते गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या डॉक्टरनं पुस्तक काढून सगळं सांगितलं, तर कोर्टानं पुस्तकावरच बंदी घातली. म्हणून मला हे "दर सहा महिन्यांनी मेडिकल सर्टिफिकेट द्या" म्हणणारे लोक भाबडे वाटतात. सर्टिफिकेट काय, आपल्याकडं एसटीच्या रजेसाठीही मिळतं.

आणि आपल्या शेजारी, गोव्यात. मनोहर पर्रीकरांबद्दल मला आदर आहे, तो इथं लपवायचं कारण नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते आजारी पडले. मुंबई, अमेरिका, दिल्लीचं एम्स. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे सरकारमधल्या मंत्र्याच्या तोंडून उघडपणे ऐकायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात राज्य चालवायला तीन मंत्र्यांची समिती नेमून झाली. मला सगळ्यात बोचलेली गोष्ट सप्टेंबरमधली. दोन मंत्र्यांना मंत्रिमंडळातून काढलं, फ्रान्सिस डिसोझा आणि पांडुरंग मडकईकर. दोघेही आजारी, दोघेही इस्पितळात, काम होत नाही म्हणून. त्या दिवशी मुख्यमंत्री स्वतः एम्समध्ये दाखल होते. पुढं जानेवारी २०१९ मध्ये नाकात नळी घालून त्यांनी अर्थसंकल्प मांडला. टीव्हीवर ते पाहताना माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या मनात आलं की या माणसाला घरी जाऊ द्या असं म्हणणारा एकही जण त्याच्या पक्षात नसावा? त्यांच्याशिवाय युती टिकत नव्हती, हे उघड होतं. १७ मार्चला ते गेले. नव्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी १८ तारखेला अंत्यसंस्कार झाल्यावर, रात्री दोनच्या सुमारास उरकला. इतकी घाई होती.

आजार लपवतो तो नेताच, असं आपण धरून चालतो. बऱ्याच वेळा त्याला लपवलं जातं. अण्णांना स्वतःला सोडायचं होतं, असं त्यांच्या ड्रायव्हरनं मला सांगितलंय. "आता कुनाच्या तरी गळ्यात घाला रं हे," असं गाडीत म्हणायचे. पुतण्याला ते परवडणारं नव्हतं. केनच्या बाबतीत खुर्ची केनची आहे. आपल्याकडं एका खुर्चीवर वीस जणांचं पोट चालतं, ठेकेदार, पीए, पाहुणे, आम्हा पत्रकारांतलेही काही. वाढदिवसाच्या पुरवणीत दहा वर्षांपूर्वीचा फोटो कोण छापतं? आम्हीच.

आणि सांगितल्यानं माणूस संपतो हेही खरं नाही. शरद पवारांना २००४ मध्ये तोंडाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, बोलण्यावर परिणाम दिसतो, आणि ते जाहीर सभेत सांगतात की तंबाखू-गुटखा सोडा, माझं पाहा. त्यांचं राजकारण पटो न पटो, त्यांच्या आजारावर कुणाला कुजबुजावं लागत नाही. त्यानंतर दोन दशकं ते राजकारणात आहेत.

कायद्याचं म्हणाल तर उमेदवाराला अर्जासोबत गुन्हे, मालमत्ता, शिक्षण हे सगळं शपथपत्रावर द्यावं लागतं. तब्येतीचा रकाना नाही. असावा असंही मला वाटत नाही. उद्या एखाद्या चांगल्या माणसाला मधुमेह आहे, एखादीला नैराश्यावर गोळ्या चालू आहेत, म्हणून गावभर बोंब व्हायची आणि विरोधकाला गाणं चढवायला नवा व्हिडिओ मिळायचा. पण राष्ट्रपती आजारी असले तर उपराष्ट्रपती काम पाहतील एवढं तरी घटनेत लिहिलंय. मुख्यमंत्र्यापासून पतसंस्थेच्या चेअरमनपर्यंत, माणूस चार महिने सही करण्याच्या स्थितीत नसेल तर ती सही कोण करतंय, हे विचारायची सोय पाहिजे. आजार कुठला हे नका सांगू. काम कुणी केलं ते सांगा.

सॅम मिलरचं पुढं काय होतं ते सांगत नाही, पाहणार असाल तर मजा जाईल. एवढंच सांगतो, की बातमीच्या मागं धावलेल्या पोरांना मालिका फार मोठं बक्षीस देत नाही. त्या बाबतीत ती अगदी खरी आहे.

तर ज्या ११ जणांनी व्हिडिओ पाठवला, त्यांना माझं काम आहे. त्या साहेबांकडं सध्या दोन सहकारी संस्थांचं चेअरमनपद आहे. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यावीच लागते. तुमच्यातले निम्मे तिथं सभासद आहेत, आणि सभासदाला इतिवृत्त पाहता येतं. लेखी अर्ज करा, पोच घ्या. गेल्या सहा महिन्यांतल्या बैठका कुठल्या जागी झाल्या, अध्यक्षस्थानी कोण होतं, हजेरीवर कुणाच्या सह्या आहेत आणि त्या आधीच्या वर्षीच्या सह्यांसारख्या आहेत का, एवढं बघा. सगळं व्यवस्थित निघालं तर तेही इथं लिहीन, साहेबांच्या जुन्या नव्हे तर आताच्या फोटोसह. नक्कल मिळाली तर इनबॉक्सला पाठवा. नाव बाहेर जाणार नाही. नक्कल दिली नाही, तर दिली नाही म्हणून तो अर्ज पाठवा.